पंगतीत शेवटी बसणारीची शुगर

दोंडाईचा आणि आसपासच्या खेड्यांत परिचारिका म्हणून माझी सारी नोकरी झाली. निवृत्त झाले तरी गल्लीतल्या बायका रिपोर्टचा कागद पदरात गुंडाळून येतात, "सिस्टर, एवढं बघून द्या" म्हणतात. आता मलाही शुगर आहे, त्यामुळे बोलणं बरोबरीच्या नात्याने होतं. आयसीएमआर-इंडियाबची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर सांगितली आहे. त्यांच्यातली साठी ओलांडलेली बाई मला रोज भेटते. काय खाऊ नये हे तिला तोंडपाठ असतं. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, टीव्हीवर ऐकलेलं असतं, शेजारणीने बजावलेलं असतं. पहिले दोन महिने ती नेमाने पाळतेही. पण हे दुखणं पुढची वीस-पंचवीस वर्षं सोबत राहणार आहे. तेवढा काळ पाळायचं तर घराने तिच्यासाठी थोडं सरकून जागा करून द्यावी लागते, आणि ती जागा मागायला ती स्वतःच तयार नसते. इतक्या वर्षांत मी जे शिकले ते बहुतेक याच एका गोष्टीभोवती फिरतं.

१. ताटाची वेळ आधी ठरवा, ताटात काय वाढायचं ते नंतर.

आमच्याकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: "तुम्ही जेवी ल्या, मी मांगे जेवसू." आधी घरधनी, मग मुलगा, नातवंडं, आलागेला पाहुणा, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर सासू-सून. सकाळी आठला चहाबरोबर गोळी घेतलेली असते आणि पहिला घास पोटात जातो दीड-दोनला. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, ती शरीराला इन्सुलिन सोडायला लावतेच. मग अकरा-साडेअकराला हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, विनाकारण चिडचिड होते. बाई म्हणते, "बीपी लो झालं असेल," आणि ओसरीवर आडवी होते.

एका जिजींचं उदाहरण सांगते. सकाळची उपाशीपोटीची शुगर कायम वाढलेली, म्हणून गोळीचा डोस वाढत गेला. आणि दुपारच्या आधी हा थरथराट. घरच्यांना वाटायचं, म्हातारपण. एकदा मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले असताना सुनेने भाकरी थापता थापता सहज सांगितलं, की आत्याबाई रात्री साडेदहाला सगळं आवरून, उरलेला भात आणि शेवभाजी खाऊन लगेच झोपतात आणि दुसऱ्या दिवशी दोनपर्यंत नुसत्या चहावर असतात. रात्री उशिरा भरपेट आणि सकाळी उपास, म्हणून सकाळचा आकडा वर आणि दुपारचा खाली. हे आम्ही डॉक्टरांच्या कानावर घातलं, त्यांनी डोस बदलून दिला. पण खरी अडचण पुढेच होती, कारण जिजी आधी जेवायला तयार होईनात. नातवाच्या आधी मी घास कसा घेऊ, हे त्यांचं म्हणणं. मुलाने वाद घातला नाही. नातू शाळेत जायच्या आधी दहाला जेवायचा, त्याच्याच शेजारी आजीचं ताट मांडायला सुरुवात केली. त्याच्यासोबत त्या जेवायला लागल्या. गोळी पहिल्या घासाला. संध्याकाळचं जेवण आठच्या आत. महिनाभरात दुपारचा थरथराट बंद झाला.

असा थरथराट झालाच तर हाताशी मीटर असल्यास बोट टोचून बघा. ७० च्या खाली असेल, किंवा मीटरच नसेल, तर आधी तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळून प्यायला द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, बरं वाटलं की काहीतरी खायला द्या. बाई शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

२. काटक बाईलाही शुगर होते.

"माले काय व्हस? माझ्या अंगावर मांस तरी शे का?" हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय! शेतात राबलेली, सडपातळ बाई तपासायलाच येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच कोड्यावर आयुष्यभर काम केलं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. आपली बाळं जन्मतः वजनाने कमी, पण अंगातला चरबीचा वाटा मात्र टिकून असलेली, असं त्यातून दिसलं. २००४ साली लॅन्सेट साप्ताहिकात त्यांनी आपला आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्यावर विश्वास ठेवून तपासणी टाळू नका, एवढंच मला यातून सांगायचं आहे. तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते आणि आशाताई घरी येऊन माहिती भरून घेतात. त्यांना "आमच्या घरी कोणाले काही नई" म्हणून दारातून परत पाठवू नका.

३. भाकरी सोडायची नाही, मोजायची.

ज्वारी खाल्ली की शुगर वाढत नाही, असा एक पक्का समज आहे. त्यापायी चपातीच्या जागी दादर ज्वारीच्या तीन मोठ्या भाकरी खाणाऱ्या बायका मला माहीत आहेत. आमच्या गावात मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोज बनवणारा कारखाना आहे, हे सगळ्यांनाच ठाऊक. पोटातही तेच चालतं: भाकरी असो, भात असो, बट्टी असो, शेवटी त्याचं ग्लुकोजच होतं. फरक पडतो तो किती आणि कशासोबत खाल्लं याने. म्हणून कळण्याची भाकरी मला फार मोलाची वाटते. ज्वारीत उडीद दळलेला असल्याने तेवढ्याच भाकरीत प्रथिनं जास्त जातात आणि पोट लवकर भरतं. सोबत वांग्याचं भरीत, मेथी, शेपू, मठाची किंवा उडदाची डाळ. आधी भाजी-डाळ दोन-चार घास, मग भाकरी. हातावर थापलेली मध्यम एक भाकरी बहुतेक साठीच्या बाईला एका वेळी पुरते. डाळ पातळ करून सगळ्यांना पुरवायची आणि तळाचं पाणी आपण प्यायचं, ही सवय मात्र मोडावी लागते. म्हातारपणी स्नायू झडतात, आणि रक्तातली साखर वापरणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायूच. घट्ट डाळ आधी तिच्या वाटीत पडली पाहिजे.

आता सणांचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आमरस, पुरणपोळी, सांजोऱ्या होतात. श्रावणात कानबाई बसते, तिचे रोट घरातल्यांनीच संपवायचे असतात, बाहेर द्यायचे नसतात. पाहुणे आले की खापरावरचे मांडे. या दिवशी शुगर असलेल्या आईला बाजूला बसवून "तुला नको ना" म्हणणं मला मुळीच पटत नाही. जिने पहाटेपासून पुरण वाटलं, मांडे हातावर फिरवले, तिला त्यातला चतकोर द्या, तिने तो सगळ्यांसोबत बसून खावा, त्या जेवणात भात आणि वेगळी पोळी टाळावी, आणि नंतर अंगणात अर्धा तास फेऱ्या माराव्यात. सगळ्यांसमोर नकार दिलेली बाई नंतर भांडी घासताना उभ्याउभ्या चार सांजोऱ्या खाते. मी हे पाहिलंय, आणि तिला दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही.

नुकसान सणांनी कमी आणि रोजच्या चहाने जास्त होतं. सकाळी दोनदा, कोणी आलं की पुन्हा, दुपारी उठल्यावर, संध्याकाळी, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर आणि टोस्ट नाही तर खारी. आधी साखर एका चमच्यावर आणा, मग अर्ध्यावर. जीभ तीन-चार आठवड्यांत रुळते.

४. उपास करायचा तर डॉक्टरांना विचारून.

एकादशी, चतुर्थी, सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. उपास सोडा म्हटलं तर बाई दवाखानाच सोडते, म्हणून मी तसं म्हणत नाही. पण साबुदाण्याची खिचडी, रताळं आणि केळी यांनी शुगर झपकन चढते आणि निर्जळी उपासात गोळी घेतली तर ती घसरते. भगर थोडी, दाण्याची आमटी, ताक, राजगिरा, काकडी यांवर उपास निभतो. त्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन किती घ्यायचं हे सणाच्या आठवडाभर आधी विचारून ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्या बाईने निर्जळी करूच नये.

५. पाय रोज कोणीतरी बघितला पाहिजे.

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पाय गमावलेल्या बायका मी पाहिल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं सुरुवातीचं कारण अगदी बारीक होतं.

एकीचं कारण होतं जोडवं. पायाला सूज आली, चांदीचं जोडवं बोटात रुतलं, खाली कातडी फाटली, आणि तिला काही कळलं नाही, कारण तिच्या पायाच्या नसा केव्हाच्या बधिर झालेल्या. सौभाग्याचं लेणं काढायचं कसं, म्हणून तेलपाणी करत राहिली. बोट काळं पडलं तेव्हा वासावरून सुनेच्या लक्षात आलं. तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते, जोडवं सैल करून घ्या, सोनार पाच मिनिटांत करून देतो. सूज असेल तर काढून देव्हाऱ्यात ठेवा. देव काही म्हणत नाही.

दुसरं, बिब्बा. भेगांना बिब्बा लावायची आपल्याकडे जुनी चाल आहे. निरोगी पायालाही त्याने फोड येतो, बधिर पायाला तर खोल भाजतं. भेगांना रात्री खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावा, बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या ठेवा. गरम पाण्याची पिशवी पायाला नको. पाणी गरम आहे का ते हाताच्या कोपराने बघा.

तिसरं, अनवाणी चालणं. चैत्रात आपल्याकडून सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांची रीघ लागते, त्यात अनवाणी जायचा नवस केलेल्या बायकाही असतात. डांबर तापलेलं असतं. चटका बसला तर पाय उचलला जातो, पण ज्या पायाला चटका कळतच नाही तो तसाच टेकलेला राहतो. अशा बाईने मऊ, बंद, मागे पट्टा असलेली चप्पल घालूनच चालावं. नवस बोलताना पाय बधिर आहेत हे तिला माहीत नव्हतं, एवढं समजून घ्यायला गडावरची आई काही परकी नाही.

मिरचीच्या हंगामात पथारीवर बसून देठ खुडणाऱ्या बायका रात्री हाताच्या आगीबद्दल सांगतात. ताक लावलं, दही लावलं, तरी झोप नाही, म्हणतात. दिवसभर मांडीखाली दाबल्या गेलेल्या, मुंग्या येणाऱ्या, हळूहळू काहीच न कळणाऱ्या पायाबद्दल मात्र विचारल्याशिवाय कोणी बोलत नाही. म्हणून विचारा. साठीनंतर स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नाही, कंबर वाकत नाही. सुनेने, नातीने रोज रात्री एकदा बघावा, बोटांच्या मध्येसुद्धा. कोणी नसेल तर जमिनीवर छोटा आरसा ठेवून त्यावर पाय धरावा. फोड, लाली, चीर, काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवशी दवाखाना.

६. खाजेबद्दल आणि लघवीबद्दल बोला.

शुगर वाढली की जांघेत, मायांगात बुरशी धरते, खाज सुटते, पांढरं जातं. लघवीला जळजळ होते, वारंवार जावं लागतं, खोकल्यावर थेंब गळतात. शुगरच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यांनीही ही खाज वाढू शकते. बाई हे मुलाला सांगू शकत नाही, पुरुष डॉक्टरसमोर तर नाहीच. मग ती पाणी पिणंच कमी करते, म्हणजे दुखणं आणखी वाढतं. मी प्रत्येकीला दार लावून, एकटीलाच विचारते. सुनांनो, तुम्हीही विचारा. इलाज साधा असतो, बहुतेक वेळा मलम आणि थोड्या दिवसांच्या गोळ्या.

७. वैशाखाची तयारी फाल्गुनात.

आमच्याकडे पारा ४४-४५ पर्यंत जातो. उन्हात अंगातलं पाणी आटलं की शुगर चढते, आणि शुगर चढली की लघवीतून आणखी पाणी जातं. पन्ह्याऐवजी मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक प्यावं. उलट्या-जुलाब लागले तर कोणती गोळी थांबवायची हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावं, गोळ्या तशाच चालू ठेवू नयेत.

इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची. बर्फाच्या कप्प्याजवळ नको, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. उघडलेली बाटली सावलीत, गार जागी साधारण चार आठवडे चालते, पण पत्र्याच्या घरातली मे महिन्यातली खोली गार नसते. वीज गेली किंवा फ्रिज नसला तर मोठ्या माठात ओली वाळू भरावी, त्यात लहान मडकं बसवावं, बाटली कोरड्या डबीत घालून त्या मडक्यात ठेवावी आणि वर ओलं फडकं टाकावं. खेड्यापाड्यांतल्या किती घरांत मी हे करून दिलंय, आणि ते निभतं.

८. चालायला सोबत जमवा, आणि दोघींवर थांबू नका.

"दिवसभर घरातच तर चालते मी," हे खरंच आहे, आणि ते अजिबात वाया जात नाही. तरी सलग चालण्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि थोडं वजन उतरवणं एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, आणि साठीच्या पुढच्या लोकांत तर ७१ टक्क्यांनी. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: त्या प्रत्येकाला धीर देणारं, विचारपूस करणारं एक माणूस नेमून दिलेलं होतं. आमच्या बायकांना असं माणूस कोण नेमून देणार? ते त्यांनी एकमेकींसाठी व्हायचं.

गल्लीतल्या आम्ही काही जणी संध्याकाळी लवकर जेवून निघतो. जेवणानंतरचं चालणं शुगरला विशेष मानवतं. आधी दोघी-दोघींच्या जोड्या होत्या. एक बाळंतपणासाठी लेकीकडे गेली की दुसरी घरी बसायची, आणि एकदा बसली की बसलीच. आता घोळक्याने निघतो, कोणी नसलं तरी पाय थांबत नाहीत. जिचे गुडघे चालत नाहीत ती ओट्यावर खुर्ची घेऊन बसते आणि हात न टेकता दहा वेळा उठते-बसते, थांबते, पुन्हा करते. मांडीचे स्नायू टिकले तर ती पडत नाही. पुढे पडून खुबा मोडणं हे शुगरइतकंच मोठं संकट असतं. आणि त्या फेरीत सुनेच्या कागाळ्या, मेलेल्या नवऱ्याची आठवण, रात्रीची न लागणारी झोप, सगळं बोललं जातं. मनावरचा ताण शुगर वाढवतो, हे मला पुस्तकाने सांगितलं आणि या बायकांनी दाखवलं.

९. एका आकड्यासाठी म्हातारीला घाबरवू नका.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तरुणाला ७ च्या खाली हवी. पंचाहत्तरीच्या, हृदय-किडनीचं दुखणं असलेल्या बाईला ८ पर्यंत चालते, कारण तिच्यासाठी शुगर घसरणं जास्त धोक्याचं. आपलं लक्ष्य किती, हे डॉक्टरांनाच विचारा. शेजारणीशी तुलना नको. अंगात रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल, आणि धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात तो बऱ्याच घरांत आहे, तर ही तपासणी फसवू शकते. तसं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ते दुसऱ्या तपासण्यांवर भर देतील.

आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ तपासा. ही गोळी बी१२ कमी करते आणि माळकरी, शाकाहारी बाईत ते आधीच कमी असतं. पायाला मुंग्या, विसराळूपणा, थकवा, सगळं शुगरच्या माथी मारलं जातं आणि निम्मं दुखणं साध्या इंजेक्शनने बरं होण्यासारखं असतं.

१०. सुरतच्या, पुण्याच्या मुलांसाठी.

आमच्या भागातली किती मुलं सुरतेला उधना-लिंबायतकडे, नाशिकला, पुण्याला आहेत. रात्री व्हिडिओ कॉल येतो, "आई, गोड खात नाहीस ना?" आई म्हणते नाही, आणि फोन संपतो. त्याऐवजी विचारा: आज किती वाजता जेवलीस? पायाला काही लागलंय का, कॅमेऱ्यासमोर धर. गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात? तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण पैसे वाचवायला आई एक दिवसाआड गोळी घेते आणि कोणाला सांगत नाही. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात. बाहेरून घ्यायच्या असतील तर जनऔषधी दुकानात स्वस्त पडतात.

आणि आखाजीला किंवा दिवाळीला घरी याल तेव्हा एक सकाळ आईसाठी राखून ठेवा, तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पडदा तपासायला न्या. शुगरने पडदा खराब होतो तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही, म्हणून वर्षातून एकदा बघावाच लागतो. धुळ्याला जायचं झालं तर एसटीत तिला अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढे असेल तर तेही लागत नाही. तिला अडचण तिकिटाची नसते. डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास समोरचं धूसर दिसतं, बसची पाटी वाचता येत नाही, रस्ता ओलांडता येत नाही, म्हणून ती एकटी जातच नाही.